चावीवाले बसने येऊ लागले

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथून ते फारसं बाहेर पडलं नाही. मोटारसायकलींच्या त्या दुकानात सगळे त्यांना चावीवाले म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी गाड्या विकल्या होत्या, पण लोकांच्या लक्षात राहिली ती गाडी ताब्यात देण्याची त्यांची तऱ्हा. इतर दुकानांत कागद पुरे झाले की चावी काउंटरवरून सरकवतात. हे आधी गिऱ्हाइकाला गाडीवर बसवायचे, दोन्ही आरसे त्याच्या नजरेला जुळवायचे, पाय जमिनीला पुरते टेकतात का ते गुडघ्यावर बसून पाहायचे, दोन्ही ब्रेक दाबायला लावायचे. मग उघड्या तळहातावर चावी ठेवून पुढे करायचे आणि म्हणायचे, "सावकाश चालवा." घाईतली माणसं वैतागत. एकाने तर विचारलं होतं, गाडी देताय की पोरगी देताय? पण तोच माणूस सहा वर्षांनी धाकट्या भावाला घेऊन आला, तेव्हा म्हणाला, यालाही तसंच बसवा.

तो काळ मागे पडला होता. पूर्वी गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न असायचा, किती पळते? पुढे तो झाला, लिटरला किती देते? आणि अलीकडे माणसं दारातूनच विचारत, "काका, बसथांबा इकडे आहे की पलीकडे?" पेट्रोल दर पंधरवड्याला थोडं थोडं वर सरकत होतं. विमा वाढला, टायर वाढले, आणि बाजारपेठेत गाडी उभी करायलाही आता पैसे पडत. गाडी घेणं एकवेळ जमेल, पण तिला पोसणं जमायचं नाही, असं एक सुतार टाकीवरून हात फिरवत म्हणाला होता आणि हात खिशात घालून निघून गेला होता. महिन्याला तीस-चाळीस गाड्या जायच्या तिथे गेल्या महिन्यात दोन गेल्या, आणि त्यांतली एक विम्याचा आकडा कळल्यावर माघारी आली.

चौघे विक्रेते होते, त्यांतले तिघे गेले. एक मोबाइलच्या दुकानात लागला, एक सासऱ्याच्या धंद्यात शिरला, एक नुसताच यायचा बंद झाला. उरले चावीवाले, मागच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, आणि काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्या मालकीणबाई. मेकॅनिकला सगळे कानसेन म्हणत, कारण गाडी उघडण्याआधी तो डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि बहुतेक वेळा त्याचं निदान बरोबर निघायचं. चावीवाले रोज सकाळी पिवळ्या फडक्याने चौदा गाड्या पुसत. पूर्वी टाक्यांवर बोटांचे ठसे असत. कुणाकुणाच्या पोरांचे तर तुपकट, चिकट. आता नुसती धूळ असायची. धूळ पुसायला कमी वेळ लागतो, पण माणूस जास्त दमतो, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

त्यांची स्वतःची मोटारसायकल एकोणीस वर्षांची होती. तिच्यावर ते रोज सकाळी बायकोला तिच्या कारखान्यावर सोडत आणि मग दुकानात येत. बायको गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करायची. बोटं इतकी सरावलेली की गप्पा मारता मारता चाळीस शर्ट हातावेगळे करी. घरापासून कारखाना बावीस मिनिटांवर. त्या दोघांचा संसार खरा त्या बावीस मिनिटांत चालायचा. घरी दोघं थकलेले. तिचं स्वयंपाकघर, त्यांचं आंघोळपाणी, मग पाठी टेकायच्या. पण गाडी रस्त्याला लागली की ती त्यांच्या उजव्या खांद्याशी वाकून बोलायला लागायची. मुलीचं लग्न त्यांनी त्या रस्त्यावर ठरवलं. बायकोच्या आईच्या आजारपणाचं, जावयाच्या तिरसटपणाचं, गळणाऱ्या न्हाणीचं, सगळं तिथेच. एकदा तिने छातीत गाठ लागत असल्याचं सांगितलं तेही तिथेच, बोलता बोलता, भाजी महागली म्हणावं तशा आवाजात. त्यांनी गाडी बाजूला घेतली, तर ती म्हणाली, "थांबू नका, मला उशीर होतोय." गाठ साधी निघाली. पण समोरासमोर बसून ती हे कधी बोलली नसती, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. माणसाच्या तोंडाशी बोलणं जड जातं, पाठीशी बोलणं सोपं असतं.

मग एका महिन्यात विमा आणि मागचा टायर एकदमच अंगावर आले. दोघांनी घरी बसून विचार केला, फार वेळ लागला नाही. गाडी तूर्त उभी ठेवायची. तूर्त हा शब्द तिने काढला आणि त्यांनी लगेच उचलला. गाडी जिन्याखाली लावून तिच्यावर जुनी चादर घातली. बायकोची बस उत्तरेकडे जायची, सव्वासातला. त्यांची दक्षिणेकडे, आठ वाजता. पहिल्या दिवशी ती निघताना त्यांनी दारातून विचारलं, डबा घेतलास का? तिने मान हलवली. त्या दिवशी दोघांत एवढंच बोलणं झालं.

बसने जाण्यात त्यांना कमीपणा नव्हता, पण मोटारसायकली विकणारा माणूस दुकानासमोर बसमधून उतरतो हे बरं दिसत नव्हतं. म्हणून ते एक थांबा आधी उतरत आणि उरलेलं अंतर चालत. शिवाय हेल्मेट हातात ठेवत. गर्दीच्या बसमध्ये हेल्मेट सांभाळणं म्हणजे कलिंगड सांभाळण्यासारखं. कुणाच्या पोटाला लागे, कुणी मांडीवर ठेवून घेई. एका आजीबाईंनी विचारलं, बस उलटेल अशी भीती वाटते का हो? तरी त्यांनी ते सोडलं नाही. हेल्मेट घेऊन ते दुकानात शिरत, खुंटीला अडकवत आणि फडकं हातात घेत.

नवव्या दिवशी कानसेन हात पुसत जवळ आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "हेल्मेट रोज येतंय. गाडी कुठंय?"

"घरी."

"आवाज नाही आला कधी, म्हणून विचारलं." तो फडकं खांद्यावर टाकून आत गेला. पण दुसऱ्या दिवसापासून चहा सांगताना तो आपणहून दोन सांगू लागला.

त्या महिन्याच्या सुरुवातीला मालकीणबाईंनी दोघांना केबिनमध्ये बोलावून सरळच सांगितलं होतं. नवऱ्याच्या पश्चात अकरा वर्षं त्या हे दुकान ओढत होत्या, आणि गोड बोलायची त्यांना सवय नव्हती. या महिन्यात निदान पाच गाड्या गेल्या तर पुढे बघू, नाही तर जागेचा दुसरा विचार करावा लागेल, असं त्या म्हणाल्या. दुसरा म्हणजे कुठला, हे दोघांनी विचारलं नाही. वीस तारीख आली तरी एकच गाडी गेली होती.

एकवीस तारखेला नर्सबाई आल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, इंजेक्शनं देणं हे त्यांचं काम. दिवसाला आठ-नऊ घरं, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेर त्यांची जुनी मोटारसायकल उभी होती, धुराने मागचा दिवा काळा पडलेला. दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलं होतं की हिच्यात आता राम उरलेला नाही, नवी घ्या. बाई घड्याळ बघत बघत बोलत होत्या. हप्त्यांनी घेता येईल ना, आजच कागद होतील ना, उद्या सकाळी एका आजोबांकडे सात वाजता पोचायचंय.

चावीवाल्यांनी त्यांना दुसऱ्या रांगेतली गाडी दाखवली. हलकी, बसायला बेताची, त्यांच्या उंचीला नेमकी. बाई तिच्यावर बसल्या तेव्हा पाय आपसूक टेकले. वाकून पाहावं लागलं नाही. हप्त्याचा आकडा ऐकून त्या म्हणाल्या की दोन घरं जास्त घेईन. विम्याचं ऐकून म्हणाल्या, रविवारीही जाईन. फॉर्म समोर आला, त्यांनी पेन काढलं. मालकीणबाई काचेआडून पाहत होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, हे चावीवाल्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपलं.

फॉर्मवर वाकलेल्या नर्सबाईंनी सहज विचारलं, "तुम्ही स्वतः कुठली चालवता?"

हा प्रश्न त्यांना अठ्ठावीस वर्षांत हजारदा आला होता आणि उत्तर तोंडपाठ होतं. तेच द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"मी बसने येतो. महिना झाला. परवडेना."

बाईंचं पेन थांबलं. बोललेलं आता मागे घेता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घ्यावंसंही वाटत नव्हतं. त्यांनी फॉर्म हळूच आपल्याकडे ओढला. सही करायच्या आधी तुमची जुनी गाडी आमच्या माणसाला एकदा ऐकवा, असं ते म्हणाले. ऐकवा म्हणजे काय ते बाईंना कळेना. पण त्या उठल्या.

कानसेनने गाडी चालू करून डोळे मिटले. दोनदा रेस दिली, कान इंजिनाशी नेला, बंद केली. गाडी मेलेली नाही, दमलेली आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. पिस्टनच्या रिंगा गेल्यात, चेन गेलीय, कार्बोरेटर कुणी तरी उगाच पिळून ठेवलाय. तीन दिवसांचं काम. नव्या गाडीच्या दोन हप्त्यांत बसेल. तीन दिवस काय करू, असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्याने वर्कशॉपमधली स्वतःची खटारा गाडी पुढे केली. बाई तिच्यावर बसून गेल्या. जाताना त्यांनी आभार मानले नाहीत. त्यांना उशीर झाला होता.

मालकीणबाईंनी चावीवाल्यांना आत बोलावलं. ते उभेच राहिले. आता आगपाखड होणार अशी त्यांनी मनाची तयारी केली होती, पण बाई बराच वेळ चष्म्याच्या काड्यांची उघडझाप करत बसल्या.

"तिने सही केली असती," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्या एका गाडीने दुकान तरलं नसतं, हे मलाही कळतं. पण तुम्ही मला विचारलं नाहीत."

चूक झाली म्हणावं तर ते खोटं, आणि नाही झाली म्हणावं तर समोर बसलेल्या बाईंचंही खरं होतं. मग बाईंनी सांगून टाकलं की जागेचं ठरलं आहे. अर्धं दुकान गाद्यांच्या व्यापाऱ्याला जाणार, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपासून. गाड्या सहाच राहतील, वर्कशॉप चालू राहील, कारण लोक नवी घेत नसले तरी जुनी दुरुस्त करतात. कानसेनचं भागेल. चावीवाल्यांसाठी त्यांनी गाद्यावाल्याकडे शब्द टाकला होता. त्याला विक्रेता हवा होता, पगार कमी, पण जागा तीच.

"गाद्या?" चावीवाले म्हणाले.

"गाद्या. लोकांचं फिरणं कमी झालंय, झोपणं नाही." एवढं बोलून त्यांनी चष्मा घातला, म्हणजे जायला सांगितलं.

आठवडा गेला, तरी त्यांनी हे घरी सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नव्हे. सांगायला जागाच सापडत नव्हती. संध्याकाळी ती दमून येई, पाय बादलीतल्या गरम पाण्यात सोडून बसे. तेव्हा सांगावं तर तिच्या पायांवर आणखी ओझं टाकल्यासारखं वाटे. सकाळी ती सव्वासातच्या बसच्या घाईत. सुट्टीच्या दिवशी मुलीचा फोन, कपड्यांचं भिजवणं, शेजारीण. दोन खोल्यांच्या घरात दोन माणसांना बोलायला जागा नसावी, याचं त्यांना नवल वाटे.

शेवटी एका सकाळी तिच्यामागून तेही निघाले. तुमची बस आठला ना, असं तिने विचारलं. आज तुझ्या बसने येतो, पुढून परत फिरेन, ते म्हणाले. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ती चालू लागली. बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, त्यांना तिच्या मागची. पुढे वाकून त्यांनी हळू आवाजात सुरुवात केली. अर्धं दुकान जाणार, गाद्या येणार, एवढं होतंय तोच शेजारचा जाडा माणूस वळला. गाद्या घ्यायच्या तर कापसाच्या घ्या, स्पंजच्या नको, माझी कंबर बघा, असं म्हणून तो आपल्या कंबरेची कहाणी सांगू लागला. पलीकडच्या बाईंचं मत स्पंजच्या बाजूने पडलं. दोन थांब्यांपर्यंत तो वाद रंगला. चावीवाल्यांची बायको खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की काय हे त्यांना मागून कळेना.

कारखान्याच्या दोन थांबे आधी ती एकाएकी उठली. "चला, उतरा."

उतरल्यावर दोघं चालू लागले. तिच्या गुडघ्यांमुळे सावकाश. त्यांनी सगळं सांगितलं, नर्सबाईंसकट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "खरं बोलायला तुम्हाला हाच महिना सापडला?"

लोखंडी सामानाच्या एका गोदामासमोर पायऱ्या होत्या, तिथे ती टेकली. गुडघा चोळत म्हणाली की काजं आता मशीन करतं. दोन मशीनं आलीत. तिला तीन आठवड्यांपूर्वीच दोरे कापायला बसवलंय, नव्या पोरींच्या शेजारी, हातात छोटी कात्री देऊन.

"तीन आठवडे?" ते म्हणाले. "बोलली नाहीस."

"कधी बोलू? गाडी जिन्याखाली."

ते तिच्या शेजारी बसले. समोरून सायकलवाले, पायी जाणारे, भरलेल्या बसेस चालल्या होत्या. मोटारसायकल अधूनमधून एखादी. ती आपल्या बोटांकडे पाहत होती. चाळीस शर्टांची बोटं, आता कात्रीच्या कडीने अंगठ्याला घट्टा पडलेला. त्यांनी तो अंगठा हातात घेऊन पाहिला आणि सोडला. भररस्त्यात एवढंही त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"त्या नर्सबाईंना बरं सांगितलंत, असं मी म्हणणार नाही," ती उठताना म्हणाली. "मला सांगितलंत ते बरं केलंत. आता चला, माझा खाडा लागेल."

त्यानंतर ते रोज तिच्या बसने जाऊ लागले. दोन थांबे आधी उतरून दोघं चालत, मग ते रस्ता ओलांडून उलटी बस धरत. यात त्यांचा पाऊण तास जाई आणि तिकीटही दोनदा पडे, तेव्हा शहाणपणाच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नव्हता. बोलणंही रोज होई असं नाही. कधी नुसतेच चालत.

पाच तारखेला आठ गाड्या गोदामात हलवल्या. इंजिन चालू करायला टाक्यांत पेट्रोलच नव्हतं, म्हणून कानसेनने आणि त्यांनी एकेक ढकलत नेली. कानसेनच्या कानाला त्या दिवशी काही काम नव्हतं. दुपारी गाद्यांचा ट्रक आला आणि रिकाम्या फरशीवर प्लास्टिकमधल्या गाद्यांच्या थप्प्या लागल्या, छताला टेकतील अशा. नर्सबाई तेवढ्यात चेन घट्ट करून घ्यायला येऊन गेल्या. गाडी धूर टाकत नव्हती. गाद्यांकडे पाहून त्यांनी विचारलं, अंथरुणावर पडून राहणाऱ्या माणसाला यातली कुठली बरी? चावीवाल्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतो, ते म्हणाले.

संध्याकाळी ते नव्या मालकाने दिलेला सदरा घेऊन घरी आले. निळा, खिशावर गादीचं चित्र आणि अंगात दोन माणसं मावतील एवढा ढगळ. जेवणाआधीच बायकोने त्यांना दिव्याखाली उभं केलं, सदरा चढवायला लावला आणि टाचण्या ओठांत धरून बगलेपासून खाली कापड चिमटीत धरत आली. गाद्या अकरा प्रकारच्या आहेत, ते सांगत होते. सगळ्यांवर आडवा होऊन पाहिलं. नऊपर्यंत फरक कळला, पुढे कळेना, डोळाच लागत होता.

"हलू नका," ती टाचण्यांआडून म्हणाली.

ते हात जरा वर धरून उभे राहिले. दुसऱ्या बाजूची शिवण अजून बाकी होती.